निरीक्षकाची चार नखं

नखं रंगवण्याच्या पार्लरमध्ये शिरलेला पुरुष एक तर बायकोला न्यायला आलेला असतो, नाहीतर पत्ता चुकलेला. हा तिसराच निघाला — सरकारी.

"कुठल्या बाटलीत कोणतं रसायन आहे, त्याची यादी भिंतीवर लावायची. नवा कायदा," निरीक्षक म्हणाला.

"बाटलीवर छापलंय की," हातमोजे न काढता नखं रंगवणारी मुलगी म्हणाली. बाटल्या मात्र जुन्याच होत्या. आतला रंग मागच्या खोलीतल्या मोठ्या डब्यांतला. डब्यांवर 'उत्तम दर्जा' यापलीकडे अक्षर नव्हतं. पण पार्लर मावशीचं, आणि आई गेल्यावर तिला वाढवलं मावशीनेच. तिने मागच्या खोलीचं दार लोटलं.

नियमानुसार नमुना वापरातलाच, म्हणजे नखावर लावलेलाच हवा. त्याने करंगळी पुढे केली.

"रंग कोणता?"

"जो... सगळ्यात कमी दिसेल तो."

तिने भडक लाल लावला.

पुढच्या सोमवारी दुसरं बोट. मग तिसरं, चौथं. प्रयोगशाळेला एवढे नमुने लागत नाहीत, हे मावशीलाही कळत होतं. "बोट दिलं की हात धरतात गं," ती कुजबुजली.

पाचव्या सोमवारी त्याचा अंगठा खिशातच राहिला.

"उद्या अहवाल येईल. आज स्वतःहून सांगितलंत तर नुसती यादी लावावी लागेल. नाहीतर पार्लरला कुलूप." त्याची नजर तिच्या हातांवर गेली. "आणि हे मोजे... सारखे कशाला?"

तिने मावशीकडे पाहिलं. मग हळूच मोजे काढले. बोटांची टोकं सोलून लाल झाली होती.

"कधीपासून?" मावशीने तिचे हात हातात घेतले.

"नवे डबे आले तेव्हापासून. तुझं पार्लर बंद पडेल म्हणून —"

"पार्लर गेलं चुलीत!" मावशीने डबा ओढत आणून त्याच्या पायाशी आदळला. "लिहा, साहेब. कुणाकडून आणला तेही लिहा."

त्याने पेन काढलंच नाही. "मला नाही लिहिता येणार. दुपारी दुसरे निरीक्षक येतील, त्यांना सांगा. मी फाईल सकाळीच परत दिली."

"का?" तिने विचारलं.

"आपल्या माणसाचं दुकान तपासायचं नाही, असा नियम आहे. आधीच कळवावं लागतं."

"आणि इथे तुमचं माणूस कोण?"

त्याचे कान तापले.

"आमच्या साहेबांनीही हेच विचारलं. म्हटलं — तिला विचारून सांगतो."