कार्बनमधला घोडा

"तिसऱ्यांदा पैसे पाठवायचे आणि तिसऱ्यांदा कंपनी म्हणणार, मिळालेच नाहीत!" आत्याने विणायच्या मशीनवर थाप मारली. "मग चाळीस स्वेटर मी काय हाताने विणू?"

मशीनच्या सुयांची पट्टी मोडली होती आणि ती फक्त कंपनीकडूनच, टपालाने मागवावी लागायची. महिन्याभरात स्वेटर तयार नसतील, तर शाळा ते काम दुसऱ्या कुणाला देणार होती. सुट्टीत आत्याकडे आलेल्या ताई, ढब्बू आणि पिटुकली या तिघांनी लगेच कान टवकारले.

"कंपनीच चोर आहे," आतोबा म्हणाले. "मी नोटा कार्बन पेपरात गुंडाळतो. पाकीट उजेडात धरा, नाहीतर उन्हात धरा, काही दिसणार नाही. तेवढी अक्कल आहे मला."

"कार्बन आणता कुठून?" ताईने विचारलं.

"कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून. एक पाकीट, एक कार्बन. तिथंच चिकटवतो आणि तिथल्याच ट्रेमध्ये ठेवतो. बिचारा रोज संध्याकाळी सगळ्यांची पत्रं पोस्टात नेऊन देतो."

ताईने ढब्बूकडे बघितलं. "एकच कार्बन कोण विकत घेतं रे?"

"ज्याला नोटा लपवायच्यात तो," ढब्बू म्हणाला आणि त्याचा घास तोंडातच राहिला. म्हणजे आतोबा नोटा लपवत नव्हतेच, चक्क दवंडी पिटत होते!

"उगाच कुणावर आळ घेऊ नका," आत्या म्हणाली. "पुरावा आणा."

पुरावा पिटुकलीच्या चित्रकलेच्या वहीत होता. तिचं एक चित्र ताईने फाडून घेतलं.

"ए, माझा घोडा!"

"घोडा? कान बघ त्याचे," ढब्बू म्हणाला. "शुद्ध गाढव आहे हे."

पिटुकली रुसली, पण चित्र मात्र तिने दिलं. ताईने नोटेएवढी घडी घालून ते आतोबांच्या हातात ठेवलं. "नेहमीसारखंच करा. फक्त नोटांऐवजी हे. आणि तोंडातून चकार शब्द काढू नका."

"मी कधी बडबड करतो?" आतोबा म्हणाले. आत्याने कपाळावर हात मारला.

आतोबांनी त्याच दिवशी पाकीट दुकानातल्या ट्रेमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तिघं पोस्टात गेली. पोस्टमास्तरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, कालचा गठ्ठा तपासला आणि चष्मा पुसला. "आतोबांचं पाकीट इथवर आलेलंच नाही. चला, मलाही पेन घ्यायचंच आहे."

दुकानात बाई पेनं बघत बसल्या. पिटुकली टाचा उंचावून काउंटरला लटकली.

"काका, रंगीत पेन्सिली द्या ना. मी काल घोडा काढला. असला झकास घोडा तुम्ही जन्मात बघितला नसेल."

"झकास?" स्टेशनरीवाला हसला. "तो घोडा होता होय? मला वाटलं गाढव."



"कुठं बघितलात तुम्ही तो?" बाईंनी पेन खाली ठेवत विचारलं. "तो तर बंद पाकिटात होता."

स्टेशनरीवाल्याने हातातल्या पेन्सिली खाली ठेवल्या. मग त्याने मान खाली घालून गल्ला उघडला. आधी घोडा बाहेर आला, मग आत्याचे दोन्ही वेळचे पैसे.

"याची चौकशी होईलच," बाई नंतर आतोबांना पोस्टात बोलावून म्हणाल्या. "पण पाकिटात नोटा घालता कशाला? मनीऑर्डर करा. नोटा माझ्याकडे राहतात, जातो तो कागद. पावती तुमच्या हातात. पैसे मिळाले की कंपनी सही करते आणि ती पोच तुमच्या घरी येते. काही गडबड झालीच, तर पावतीवरून माग काढता येतो."

फॉर्म ढब्बूने भरला, पावती ताईने जपली. आठवड्यात पोच आली, पाठोपाठ पट्टी आली, आणि मशीन असं खडखडायला लागलं की आत्याला हाक मारायची तर ओरडावं लागे.

चाळीस स्वेटर वेळेत शाळेत पोचले. आत्याने एक्केचाळिसावा विणला पिटुकलीसाठी, छातीवर तेच चित्र, अगदी कानांसकट.

"माझ्या भाचरांनी माझं काम वाचवलं," असं ती येईल त्याला सांगत होती.

"वा!" आतोबा स्वेटर निरखत म्हणाले. "काय देखणं गा..."

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"घोडा," आतोबा म्हणाले. "अस्सल घोडा आहे."