प्रश्नचिन्हाच्या जागी

२

गारखेड्यात पिठाच्या गिरणीवर माझी अभ्यासिका आहे. एक लांबट खोली, एक कूलर, बारा खुर्च्या. खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेत. खाली गिरणी सुरू झाली की फरशी थरथरते आणि ज्वारीच्या पिठाचा गरम वास जिन्यानं वर येतो. नवीन मुलं आधी वैतागतात. नंतर त्यांना त्या थरथरीशिवाय वाचायला होत नाही.

नियम एकच, मीच केलेला. जो सगळ्यांत आधी येईल त्यानं फळ्यावर एक अंकमालिका लिहायची आणि ती सुटल्याशिवाय कुणी पुस्तक उघडायचं नाही. "प्रश्नचिन्ह तसंच सोडून बसायचं नाही," मी सांगतो. "मालिका कितीही वेडीवाकडी दिसू द्या, तिला नियम असतोच."

त्या सकाळी फळ्यावर एवढंच होतं: २, ?

"सर, कुणीतरी टिंगल केलीय," आठ नंबरवरून विशाखा म्हणाली. विशाखा माझी मुलगी; पण अभ्यासिकेत मी तिलाही सर. "एका अंकाला कसला आलाय नियम?"

"तीन!" आकाश सात नंबरवरून उठला आणि लिहून मोकळा झाला. "चला, उघडा पुस्तकं."

सगळे हसले. मी हसता हसता दोन नंबरकडं पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"बन्सीमामा, कडुबा आला नाही का?"

बन्सीमामा झाडू टेकवून उभे राहिले. "कोण कडुबा?"

"सोयगावचा. पोलीस भरतीवाला. दोन नंबर."

"दोन नंबर रिकामीच असते की सर. पहिल्यापासून."

मामांना थट्टेची सवय आहे. मी सोडून दिलं.

३

दुसऱ्या दिवशी: २, ३, ?

वैजापूरची रत्नमाला जागा धरायला आपला स्कार्फ तीन नंबरच्या पाठीला बांधून जायची. स्कार्फ नव्हता.

"रत्नमाला आज उशिरा येणार का?" मी विशाखाला विचारलं. दोघी रोज एका डब्यात जेवायच्या.

"कोण, सर?"

विशाखा खोटं बोलते तेव्हा तिच्या नाकपुड्या हलतात. लहानपणापासून. त्या हलल्या नाहीत.

मी मोबाइलमध्ये नंबर शोधला. रामकिसन गिरणीवाला होता. रत्नमाला नव्हती.

"पाच!" पाठीमागून आकाशचा आवाज आला. "मूळ संख्या आहेत, लई सोपंय." मी वळेपर्यंत त्यानं लिहिलंही होतं.

पाच नंबरवर वैजनाथ नखं खात बसला होता. मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्यानं ओशाळून हात खाली घेतला.

५

मी सगळ्यांच्या आधी आलो. पाच नंबरच्या खुर्चीवर पिठाचा जाड थर होता, वर्षानुवर्षं कुणी न बसल्यासारखा.

फळ्यावर: २, ३, ५, ?

डस्टरनं पुसलं. मग ओल्या फडक्यानं. अंक गेले. फडकं खिळ्याला अडकवून वळलो, तर अंक जागच्या जागी. कोरडे.

कुलूप लावावं म्हणून दाराशी गेलो. मुलं जिना चढून वर आली होती.

"आज घरी जा सगळे."

"मालिका सोडवून जातो ना सर," आकाश म्हणाला. "नियम तुमचाच."

त्याला रोखायचं म्हणजे काय सांगून? पुढं मूळ संख्या धरली तर सात येतात. त्याची स्वतःची खुर्ची.

"थांब रे शहाण्या, आज माझी पाळी," विशाखानं त्याला कोपरानं ढकललं. मार्कर तिच्या हातात होता. "फरक बघा. एक, दोन, मग तीन. पाच अधिक तीन..."

बरोबर होतं. मीच शिकवलं होतं.

"चूक!"

"पप्पा?" ती दचकली. अभ्यासिकेत ती मला पहिल्यांदाच पप्पा म्हणाली.

मी मार्कर हिसकावला. फरक दुप्पट होत जातो असं धरलं, तर नऊ. नऊ नंबरवर स्वरदा बसून चष्मा पुसत होती.

सात. आठ. नऊ.

तिघंही माझ्याकडं बघत होती.

खाली गिरणी सुरू झाली.

बाराच खुर्च्या आहेत, मी मनात म्हटलं. बाराच.

मी लिहिलं: १४.

"हा कुठला नियम?" विशाखा म्हणाली.

"बे त्रिक सहा, वजा एक, पाच. तीन पाचे पंधरा, वजा एक, चौदा."

"ओढूनताणून आणलंय, पप्पा."

"पण बसतंय."

"हो," ती नाइलाजानं म्हणाली. "बसतंय खरं."

१४

सकाळी विशाखा माझ्याआधी निघून गेली होती.

जिना चढताना तिचा आवाज ऐकू आला आणि माझा जीव भांड्यात पडला. आठ नंबरवर ती होती. सातवर आकाश. नऊवर स्वरदा.

बारा नंबरच्या पलीकडं एका खुर्चीएवढी जागा मोकळी होती आणि तिच्या पुढं, खिडकीला लागून, एक खुर्ची. पाठीवर १४. रंगाचे पोपडे उडालेले. बैठकीवर मी कंबरेसाठी वापरतो ती चौकटीची उशी.

बन्सीमामा खुर्चीखालून झाडू फिरवत होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा झाडू लागले.

विशाखानं मान वर केली. नाकपुड्या हलल्या नाहीत.

"काका, जागा बघायला आलात का?" ती अदबीनं म्हणाली. "चौदा नंबरवर बसा. रिकामीच असते. पहिल्यापासून."

मी फळ्याकडं पाहिलं. काल मी चौदावर थांबलो होतो.

आता चौदाच्या पुढं, माझ्याच वळणाचा, एक स्वल्पविराम होता.