दोनदा थांबलेली खरखर

हे खरं आहे. पटवून द्यायच्या भानगडीत मी पडणार नाही, कारण माझं मलाच अजून नीट पटलेलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. वायरीत भूत नसतं, लूज कनेक्शन असतं, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो.

तरीही सांगतो.

गुरुवारची संध्याकाळ. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर. आतल्या खोलीतलं माझं टेबल.

घरात मी एकटा. ही जाऊन वर्ष होत आलं होतं. रविवारी मुलगी गाडी घेऊन येणार होती, मला कायमचं तिच्याकडे न्यायला. सामान खोक्यांत गेलं होतं. टेबलावर हत्यारं, रेडिओचा रिसीव्हर आणि एक वस्तू उरली होती, तीही अर्धवट.

स्वस्तातली एक नॉइज सोर्सची पट्टी, म्हणजे छोटंसं सर्किट.

ती करते काय, तर नुसती खरखर. रेडिओच्या सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकसारखी. आमच्यासारखे हौशी लोक नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारे, घरी केलेले फिल्टर तपासायला ती वापरतात. एका बाजूने खरखर सोडायची, दुसऱ्या बाजूला रिसीव्हरवर किती उरली ते बघायचं. ही खरखर निघते एका बारीकशा डायोडमधून. पुढचे ट्रान्झिस्टर ती फक्त मोठी करतात. डायोड नसेल तर पट्टी मुकी.

पट्टी घरी आली तेव्हा बायको पोट धरून हसली होती.

"अहो, लोक खरखर घालवायला मेकॅनिक बोलावतात. तुम्ही ती विकत आणलीत!"

वरच्या फ्रिक्वेन्सींवर ती खरखर फार दुबळी पडायची. म्हणून डायोड बदलायचा आणि पट्टी पत्र्याच्या डबीत बसवायची, असं ठरवलं होतं. तेवढ्यात हिचं आजारपण आलं. मग सगळंच राहिलं.

आमच्या घरची एक गंमत आधी सांगायला हवी.

कानावर हेडफोन असले की मला हाका ऐकू यायच्या नाहीत. पण स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण दाबलं की रिसीव्हरमध्ये 'टक्' व्हायचं. हिने ते बरोबर हेरलं. चहा झाला की बटण दोनदा. टक्... टक्. मी "आलो!" म्हणून ओरडायचो आणि तसाच बसून राहायचो. मग पुन्हा टक्, टक्. मी दारात येऊन उभा राहीपर्यंत ती थांबायची नाही.

तर गुरुवारी मी जुना डायोड काढला. तेवढ्यात मुलीचा फोन.

"बाबा, ते टेबल आणू नका हं. इथे जागा नाहीये."

"टेबल नाही गं. एक छोटी डबी फक्त."

"आणि एकटे रडत बसू नका."

"मी कुठे रडतोय?"

फोन ठेवला. मग पट्टी डबीत बसवली, झाकण लावलं, बॅटरी जोडली, हेडफोन चढवले.

खरखर आली. दाट, सलग. बरं वाटलं. त्या घरात इतके दिवस कसलाच आवाज नव्हता.

आणि मग...

खरखर थांबली. क्षणभरच.

पुन्हा सुरू झाली.

पुन्हा थांबली.

लूज कनेक्शन, दुसरं काय! वायरी हलवून पाहिल्या. सगळं घट्ट.

परत... दोनदा.

पूर्वी शांततेत टक् व्हायचं. आता खरखरीत शांतता पडत होती. पण अंतर तेच. दोन्हींमधला तो छोटा दम तोच.

मी घड्याळाकडे बघितलं. चहाची वेळ.

हेडफोन काढून स्वयंपाकघरात गेलो. अंधार. कोणी नाही. ओटा कोरडा, दुपारी पुसून ठेवला होता तसाच. तोंडातून आपोआप निघून गेलं, "आलो."

परत येऊन ऐकलं. खरखर सलग. एकदाही थांबली नाही.

शुक्रवारीही तेच. त्याच सुमारास. मुद्दाम उठलो नाही. दोनदा... परत दोनदा... मग जरा घाईने दोनदा. उठून दारात गेलो, तेव्हाच थांबलं. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. खोटं कशाला बोलू, भीती नाही वाटली मला.

भीती वाटली ती शनिवारी.

दुपारी अँटेना आला. हा माझा जुना मित्र, उंच आणि हडकुळा, म्हणून एक्स्चेंजमध्ये सगळे त्याला अँटेनाच म्हणायचे. डबी दिसताच त्याने झाकण उघडलं.

"अरे, यात डायोड कुठाय?"

"घातलाय की."

"कुठे घातलायस? खिशात?"

मी चष्मा लावून बघितलं. पट्टीवर दोन रिकामी भोकं. नवा डायोड टेबलाच्या कोपऱ्यात, कागदाच्या पट्टीवर चिकटवलेला होता तसाच.

अँटेनाने बॅटरी जोडली. रिसीव्हरची स्वतःची बारीक सुरसुर, बस्स. डबी मुकी.

"दोन दिवस चालू होती रे," मी म्हणालो.

"म्हातारा झालास." तो हसला. आपणच सोल्डरिंग आयर्न गरम केलं आणि डायोड बसवून दिला. खरखर उसळून आली. वरपर्यंत एकसारखी. "हे बघ, झकास! आता जा घेऊन लेकीकडे."

तो गेल्यावर मी हेडफोन लावून बसलो. चहाची वेळ झाली. टळली.

खरखर सलग. उत्तम काम करत होती पट्टी. मला ती ऐकवेना.

सोल्डरिंग आयर्न पुन्हा गरम केलं. डायोड काढला. झाकण लावलं. बॅटरी जोडली.

काहीच नाही.

"अगं..." मी म्हणालो.

काहीच नाही.

मग फार लांबून यावी तशी... खरखर.

थांबली. आणि पुन्हा थांबली.

त्या संध्याकाळी मी दोन कप चहा केला. स्वयंपाकघरातच बसून प्यायलो. दुसरा कप गार झाला.

रविवारी मुलगी आली. तिला काय सांगणार? तिने खोकी उतरवली, कुलूप लावलं, हात धरून मला जिना उतरवला.

आता इथे बरं आहे. मुलगी, जावई जिवाला जपतात. डबी उशाशी आहे, डायोडशिवायच. रोज जोडतो. एकदाही बोलली नाही. बोलेल कशी? ते बटण तिकडे राहिलं, बंद घरात.

चहाची वेळ झाली की मुलगी कप हातात आणून देते आणि मी उगाच दाराकडे बघतो. मी दारात येईपर्यंत ही थांबायची नाही हो.

तिकडे अंधारात ती अजून बटण दाबत असेल... आणि "आलो" म्हणायला घरात कोणी नाही.