डावी टाच

"रिकाम्या खुर्चीला सावली आणि माणसांनी भाजून निघायचं," भावजय माझ्या कानाशी पुटपुटली.

आईला ऐकू जाऊ नये म्हणून तिने आवाज पार घशात नेला होता. उपयोग नव्हता. नजर अधू झाल्यापासून आईच्या कानांनी डोळ्यांचंही काम अंगावर घेतलंय.

"दुकानात छत्री आहे, ती घे," आई समोर तोंड ठेवूनच म्हणाली. "खुर्ची हलणार नाही. तो येतो तेव्हा घामाघूम होऊन येतो."

भावजयीने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं.

वर्षातून एक दिवस आमचा बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद असतो. त्या दिवशी दुकानदार आपापल्या खुर्च्या फुटपाथवर मांडतात आणि सगळं गाव एकमेकांना बघायला येतं. पितळी वाद्यांचं बँडपथक असतं, उंच काठ्यांवर चालणारा एक लांबलचक माणूस असतो, पोरांचे चेहरे वाघासारखे रंगवून देणारी एक बाई असते. आमचं दुकान बूटदुरुस्तीचं. घड्याळवाला आणि बेकरी यांच्या मधोमध. पुढच्या ताडपत्रीची सावली जेमतेम दोन खुर्च्यांपुरती. एक आईची. दुसरी वेताची, ती धाकट्याची. धाकटा म्हणजे माझा भाऊ. उत्सवाच्या दिवशी तो कुठेही असला तरी संध्याकाळच्या आत येऊन त्या खुर्चीत बसायचा आणि आमच्याबरोबर माणसं बघायचा.

हा आमच्या घरचा खेळ. चेहऱ्याकडे बघायचं नाही. फक्त पायांकडे बघून माणूस ओळखायचा. माझ्याइतकं हे कोणाला जमत नाही, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"सांग, कोण चाललंय?" आई विचारते.

"पांढरे कोरे बूट. नाडी एकदा बांधली ती कायमची, पाय नुसते कोंबायचे. बायकोने घेऊन दिलेत, याला आवडलेले नाहीत."

"आणि ते?"

"उंच टाचा. तासाभरात हातात येतील."

आई खुदकन हसते. भावजयही हसायची पूर्वी. त्या दिवशी ती छत्रीखाली गप्प बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती नव्या नोकरीवर, परक्या शहरात निघणार होती, आणि निघण्याआधी एक गोष्ट तिला आईच्या कानावर घालायची होती. ती गोष्ट आम्ही वर्षभर आईपासून लपवली होती.

धाकटा लांबच्या शहरात पुलाच्या कामावर होता. उंचावर उभं राहायला परांची बांधली होती, तिची एक बाजू सुटली. आईच्या हृदयाचं ऑपरेशन तेव्हा नुकतंच झालं होतं; डॉक्टरांनी बजावलं होतं की धक्का नको. आम्ही तिघं, म्हणजे मी, माझे यजमान आणि भावजय, तिकडे गेलो, सगळं उरकून आलो, आणि आईला सांगितलं की त्याला आणखी लांब पाठवलंय, तिथे फोन लागत नाही. आई "बरं" म्हणाली. त्यानंतर तिने कधी खोदून विचारलं नाही. आम्हीही कधी तो शब्द उच्चारला नाही, आपसांतसुद्धा नाही. "ते झालं तेव्हा," असं म्हणायचो.

"ताई, आज सांगायचंच," सकाळी भांडी पुसताना भावजय म्हणाली होती. "उद्या निघताना त्यांच्या पाया पडून काय सांगू? तिकडे भेटले तर निरोप देते म्हणून?"

ठरलं होतं की बँड पुढे गेला की सांगायचं. बँड आमच्यासमोर येऊन वाजवत उभा राहिला, आणि आमचे हे उठले.

"आइस्क्रीम आणतो. पोटात गार काही असलं म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बरं असतं," असं म्हणून माझा शूर नवरा गर्दीत पसार झाला.

मी पाय बघत बसले. बघताना रस्त्याच्या पार टोकाला, फुगेवाल्याच्या पुढे, एक जाडा गृहस्थ दिसला आणि माझा खेळ थांबला.

त्याचं डावं पाऊल टेकलं की टाच बाहेरच्या अंगाला किंचित फिरत होती, पायाखाली सिगारेट विझवावी तशी. मग उजवं पाऊल जरा घाईने येत होतं.

ही चाल मला पाठ आहे. धाकटा लहानपणी भिंतीवरून पडला आणि डावा घोटा वाकडा सांधला गेला. त्याचा बूट नीट करून देणारं कोणी मिळेना, म्हणून मी स्वयंपाकाच्या सुरीने तो उसवला आणि आत काय असतं ते बघितलं. माझं सगळं शिक्षण त्या एका टाचेवर झालं. पुढे मीच तिच्याखाली चामड्याचा जादा थर घालू लागले, आणि तो लवकर झिजू नये म्हणून त्याखाली लोखंडी नाल.

असेल याचाही घोटा वाकडा, असं मी म्हटलं. तेवढ्यात जाडा गृहस्थ वळला आणि त्याच्या बुटाची टाच मला मागून दिसली. चारी बाजूंनी सारखी झिजली होती. माणूस खोटं चालू शकतो. तळवा खोटं झिजत नाही. ही चाल त्याची नव्हती. दोन पावलांत ती त्याच्या पायातून गेलीही. तो सरळ, बदकासारखा डुलत निघून गेला.

तो जिथे सरळ झाला तिथूनच एक कॉलेजची मुलगी आमच्या दिशेने आली. पायात नाजूक सोनेरी सँडल. डावी टाच टेकली, बाहेर फिरली. उजवा पाय घाईने आला. मैत्रिणीशी बोलणं, हसणं तसंच चालू. बेकरीच्या अलीकडच्या दिव्याच्या खांबापाशी ती पुन्हा मुलीसारखी चालू लागली.

आग विझवताना बादली हातोहात पुढे देतात, तसं काहीतरी या गर्दीतून पुढे येत होतं.

मी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. उन्हाने असं होतं, हे मी स्वतःला अगदी ठणकावून सांगितलं.

मग काठ्यांवरचा लांबलचक माणूस खांबापाशी आला. पोरं ओरडत होती, तो वरून टोपी काढून त्यांना सलाम करत होता. त्याची डावी काठी जमिनीला टेकली आणि तिचं टोक बाहेरच्या अंगाला फिरलं. मागोमाग उजवी काठी जरा घाईने आली.

काठीला घोटा नसतो.

लोकांना ती गंमत वाटली. टाळ्या पडल्या.

माझ्या मनगटावर नखं रुतली. भावजय छत्री मांडीवर टाकून पुढे झुकली होती. तिने सात वर्षं त्या चालीच्या मागे पिशव्या धरून बाजार केला होता.

"ताई."

"गर्दी आहे गं," मी म्हटलं. "गर्दीत माणूस कसाही चालतो."

तिने मान हलवली. तिला ते खरं वाटलं नाही, आणि मलाही नाही.

बँड पाणी प्यायला थांबला. रस्त्यावर एकदम मोकळी जागा झाल्यासारखं वाटलं. आईने डोकं कलतं केलं. सकाळपासून मांडीवर असलेले तिचे हात खुर्चीच्या हातांवर गेले.

"जावईबापू आले वाटतं," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "बरोबर कोण आहे?"

हे गर्दीतून बाहेर आले. एकटेच. दोन्ही हातांत आइस्क्रीमचे कप, पायात घरच्या रबरी चपला.

डावी टाच टेकली. बाहेर फिरली.

टक्. आणि मागोमाग बारीकसं खर्र.

दगडावर लोखंड घासल्याचा आवाज. रबर असा वाजत नाही. जन्म रबर कापण्यात गेलाय माझा. धाकट्याचे बूट आम्ही तिकडून परत आणले होते. ते माझ्या पाठीमागे, दुकानातल्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते.

टक्. खर्र.

"अहो," मी म्हटलं, "पाय असा का टाकताय?"

"कसा?" त्यांनी खाली वाकून बघितलं. "बरा आहे की. अशा काय बघताय दोघी?"

बोलत बोलत ते थेट वेताच्या खुर्चीसमोर आले आणि उभे राहिले. क्षणभर. मग बाजूला सरून आपल्या स्टुलाकडे गेले. फटक, फटक. नेहमीच्या, आळशी, माझ्या ओळखीच्या चपला.

वेत करकरला.

वर ताडपत्री हलत नव्हती. वारा नव्हता. खुर्चीची बैठक मधोमध खाली गेली होती.

ह्यांच्या हातातलं आइस्क्रीम बोटांवरून ओघळू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

भावजय उठली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती उठली.

"आई, मला तुम्हाला एक सांगायचंय. वर्षभर..."

"बस गं, पोरी," आई म्हणाली. "ते मला ठाऊक आहे. तुम्ही तिघं परत आलात ना, तेव्हा जिन्यातल्या तुमच्या पावलांवरूनच समजलं होतं."

"मग तुम्ही..."

"तुम्हाला बोलवेना. म्हटलं, नको बोलायला. मलाही कुठे बोलवत होतं?"

तिने हात बाजूला नेला. तो खुर्चीच्या हातावर टेकला नाही. वेताच्या चार बोटं वर थांबला आणि तिथेच थोपटू लागला.

"पण याला कोणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "आपण बसलो एकमेकांना जपत."

बँडवाल्यांनी वाद्यं उचलली होती, अजून वाजवत नव्हते. आई खुर्चीकडे झुकली. लहानपणी ताप आला की त्याच्याशी बोलायची, त्याच आवाजात बोलली.

"दमलास ना रे चालून? ऐक राजा. तू मेलायस."