मेन पाडल्यावरही वाजणारा टेस्टर

बसा नीट, आणि मधे बोलू नका. ही माझ्या मेहुण्याची गोष्ट. तो वायरमन. थापा मारायची त्याला अक्कलच नाही, म्हणून मी विश्वास ठेवतो.

गेल्या वर्षी, नोव्हेंबरची बारा तारीख, मंगळवार. रात्री साडेआठला त्याला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा फोन आला. लोखंडी कपाटाला हात लावला की झटका बसतो म्हणे. आठ महिन्यांपूर्वी त्याच कपाटापाशी शॉक लागून त्यांचा नवरा गेला होता. अपघात, अशी नोंद झाली.

मेहुणा पोचला तशी बाईंनी दार लावून घेतलं. "वर धाकटा दीर राहतो. त्याला ही खोली हवीय. त्याचंच काहीतरी आहे."

मेहुण्यालाही संशय आला. त्यानं पेनासारखा टेस्टर काढला. हा वायरला टेकवावा लागत नाही. नुसता जवळ नेला आणि आत करंट असला, तर लाल होतो, टीं टीं करतो. आधी चालू प्लगजवळ धरून बघितला. वाजला. मग कपाटाजवळ नेला. वाजला.

"दिरांना खाली बोलवा."

दीर तणतणतच आला. "माझ्यावर संशय? थांबा, दोन्ही मजल्यांचे मेन पाडतो!"

पाडले. घरभर काळोख. मेहुण्यानं बॅटरी लावली.

टेस्टर वाजतच होता.

मग त्यानं जुना, बारीक दिव्याचा टेस्टर काढला. टोक पत्र्याला टेकवलं, मागच्या टोपीवर बोट ठेवलं. दिवा लागला नाही. म्हणजे कपाटात करंट नव्हताच. पेन वाजत होता तो... कपाटासमोरच्या मोकळ्या हवेत.

छातीच्या उंचीवर वाजे. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर नेला की गप्प.

मग छातीच्या उंचीवरही गप्प झाला. एक पाऊल पुढे वाजला. अजून एक पाऊल...

दिराच्या दिशेनं.

"बंद कर ते."

दीर मागे सरकला. भिंत आली.

टीं टीं टीं.

"दादा... नाही... दादा, मला वाटलं नुसता झटका बसेल..."

पेन गप्प झाला.

 

दीर स्वतःहून पोलीस चौकीत चालत गेला. मेहुणा सोबत होता. तिथल्या उजेडात हवालदारानं विचारलं, "हे काय रे?"

दिराच्या शर्टाच्या खांद्यावर पाच बोटं उमटली होती. कापड करपलेलं. आणि आतल्या कातडीवर... साधा डागही नव्हता.