येजो

बसा रे पोट्टेहो, जरा भिंतीकडं सरकून बसा. लाइट काही इतक्यात येत नाई. आपल्या पिपरीत लाइट गेली का पंख्याचा आवाज बी जाते, अन् मंग नको ते सारं आयकू येते. हे मी सांगून राह्यलो ते कुण्या पुस्तकातलं नाई. खालच्या दोन खोल्यांतलं आहे. तुम्ही जिथं चपला काढल्या ना, त्याच्या बाजूच्या.

रजत नावाचा पोट्टा तिथं भाड्यानं राहे. गोष्ट सुरू होते ते त्याच्या एका साध्या कामापासून. त्याले वडनेरले जाऊन एक गोधडी वापस द्यायची होती. गोधडी होती सीताबाईची, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या मायची. जोडीदाराचं नाव अंकुश.

ह्या दोघाईचं मिळून संगीत होतं. कॉम्प्युटरवर बनवत. ढोलक नाई, ठेका नाई, नुसता लांबच्या लांब आवाज. पह्यल्यांदा आयकला तवा मले वाटलं कूलरची मोटार बिघडली, मी खाली जाऊन बटन पाहून आलो. दोघं हासून हासून बेजार! पण अर्धा घंटा आयकलं अन् मंग बंद केलं, का घर सुनं वाटे, हे बी तेवढंच खरं.

आतल्या खोलीत रस्त्याचा गोंगाट येऊ नये म्हणून त्याईनं भिंतीले गोधड्या टांगल्या, त्यातली एक सीताबाईची. त्यावरूनच जोडीचं नाव ठेवलं, 'गोधडी'. दोघाईले बी गळा नव्हता, म्हणून गायले दरवेळी पाहुणा. दवाखान्यातली कोकिळा सिस्टर गाऊन गेली, भजनातले हरिदासबुवा गाऊन गेले, कॉलेजातली सुरभी तर दोनदा येऊन गेली. पाच अल्बम झाले. जपानातले लोक मेसेज पाठवत, अन् आपल्या गल्लीत दूधवाल्याले माहीत नाई का हे पोट्टे करते काय.

त्याईची कामाची एक रीत होती, ते ध्यानात ठेवा. रजत बाहेरच्या खोलीत मशीनवर. अंकुश आत, पाहुण्याच्या बाजूले मांडी घालून. एकट्या माणसाच्यानं त्या मुक्या माइकसमोर गाणं होत नाई, असं तो म्हणे. सुरू करायची वेळ आली का बोटानं फरशीवर दोनदा वाजवे. टक् टक्. म्हणजे, म्हणा आता, मी आहो बाजूले.

एकच पाहुणी त्याले भेटली नाई. त्याची माय. लहानपणी त्याले झोळीत घालून हलवतांना ती काहीतरी गुणगुणे, शब्द नाई, नुसता सूर. ते त्याले पाह्यजे होतं. दरवेळी मांगे, अन् दरवेळी सीताबाई म्हणे, "हट्! माहा आवाज कायले लोकाईले आयकवतं?"

अन् रोज रात्री तो आपल्या खोलीवर जायले निघे, तवा फाटकाजवळ रजत म्हणे, "येजो बे." तो म्हणे, "येतो." आपल्यात जातो कोणीच म्हणत नाई, जाणारा बी येतोच म्हणते. मी वर खाटेवर पडून हे रोज आयको. फाटकाची कडी वाजली का मंग मले झोप लागे.

दोन हजार तेवीसच्या आखाडात नागपूरले त्याईचा कार्यक्रम झाला. रजत बसनं इकडं वर्ध्याले आला. अंकुश गाडीवर वडनेरकडं निघाला, मायले भेटून येतो म्हणून. जाम गावाच्या अलीकडं रस्त्यात ट्रक उभा होता. मागचा लाइट नाई... संपलं.

तेरवी झाल्यावर रजत गोधडी घेऊन गेला. घरात सीताबाई एकटीच. नवरा तर पहिलेच गेला होता. तिनं गोधडी हातात घेतली, वास घेतला, अन् वापस त्याच्या मांडीवर ठेवली.

"राहू दे तुह्यापाशी. तिथंच होती इतके दिवस."

चहा झाला.  रजत उठला. भिंतीवर अंकुशचा फोटो, त्याले हार. पोट्टा फोटोपुढं उभा राह्यला अन् इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं,

"येजो बे."

सीताबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"बाबू," ती म्हणे, "मरणाच्या घरी असं नसते म्हणत. जाणारानं येतो म्हणू नाई, अन् घरच्यानं ये म्हणू नाई. मी माय आहो. तरी दात-ओठ आवळून बसली, पण तो शब्द काढला नाई."

रजत गोधडी घेऊन वापस आला. भिंतीले टांगली.

त्याच रात्री मी खाटेवर जागा होतो. फाटकाची कडी वाजली. मले वाटलं रजत बाहेर गेला असन. पण खाली त्याचा लाइट सुरूच होता.

मंग त्या पोट्ट्यानं खोलीतून निघणंच सोडलं. तुमची काकू, प्रमिलाबाई, ताट पाठवे. ताट तसंच वापस. चहा मात्र मांगे, अन् दोन कप. एक डाव काकूनं विचारलं, दुसरा कोणाले? तर म्हणे, "राहू द्या ना काकू." गालफाडं बसली त्याची. पुण्यावरून बाप फोन करे, तो उचले नाई. डोळ्यासमोर हातचा चाललेला पोट्टा, अन् आपण वरच्या मजल्यावर बसून जेवतो. मले घास गोड लागे नाई, खरं सांगतो.

शेवटी एका संध्याकाळी मी खाली गेलो. म्हटलं, "का होऊन राह्यलं तुले?"

त्यानं कानाले लावायचा तो हेडफोन माह्या कानाले लावला. आतल्या खोलीतला माइक सुरू होता. खोलीत कोणी नाई, मी दारातून पाह्यलं. माइक, चटई, भिंतीले गोधड्या. बस.

कानात नुसती शांतता. रिकाम्या खोलीची बी एक शांतता असते, तशी.

मंग...

टक् टक्.

मी हेडफोन काढून फेकला. बिना हेडफोनचं काहीच आयकू येत नव्हतं. पुन्हा लावला. थोडा वेळ गेला.

टक् टक्.

"तो रोज येते," रजत म्हणे. "पाहुण्याले म्हणते, म्हणा आता. रात्रभर वाट पाह्यते, काका. अन् माह्यापाशी पाहुणाच नाई."

"अन् तुले भेव नाई लागत?"

"भेव? तो येते म्हणून मी आहो इथं. तो नाई आला, तर मी..."

 त्याच्या त्या न बोलण्याचं मले टक् टक् पेक्षा जास्त भेव वाटलं.

मी वर येऊन सीताबाईले फोन लावला. काय सांगावं, कसं सांगावं... सारं सांगून टाकलं.  

"रोज येते?" तिनं विचारलं.

"हो, बाई."

"पण बबनभाऊ..." तिचा आवाज एवढूसा झाला. "जामवरून तो माह्याकडं निघालता ना. मंग तिकडं काऊन गेला?"

मंग म्हणे, मी येते तिकडं.

ती आली ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले. सकाळपासून गल्लीतले लहान पोट्टे मारबतीचं बुजगावणं गावाबाहेर जाळायले घेऊन बोंबलत होते, "घेऊन जाय गे मारबत!" खोकला घेऊन जाय, डास घेऊन जाय, आणखी काय काय. सीताबाई दिवेलागणीले रिक्शातून उतरली. हातात पिशवी बी नाई. चहाले नाई म्हणाली.

"आज जा म्हणायचा दिवस आहे, भाऊ," ती म्हणे. "वर्षभर कोणाले जा म्हणवत नाई. आज त्याले म्हणून टाकते. माहा एक गेला, हा दुसरा तरी राहू द्या."

रजतले तिनं काहीच सांगितलं नाई. एवढंच म्हणे, "त्याले पाह्यजे होतं ना ते? घे बाबू. म्हणते मी."

रजत तिच्या तोंडाकडं पाहातच राह्यला. मंग उठला अन् तिले आतल्या खोलीत चटईवर बसवलं. तिच्या कानाले एक हेडफोन लावला. तो बाहेर मशीनवर बसला, मी त्याच्या मागं उभा. दार अर्धं उघडं. गल्लीतले पोट्टे आपापल्या घरी गेले होते. सारं चिडीचूप.

सीताबाई माइककडं पाहून बसली. गळा खाकरला. सूर निघेना. पदर तोंडाले लावला.

मंग ती थांबली.

हळूच मान वळवली. आपल्या बाजूले. चटईच्या रिकाम्या अर्ध्याकडं.

रजतचा हात मशीनवर तसाच राह्यला. त्याच्या हेडफोनमधून मले बी बारीक आयकू आलं.

टक् टक्.

ती गाऊ लागली. शब्द नाई. नुसता सूर, वर-खाली, वर-खाली. माइककडं पाह्यतच नव्हती. बाजूले पाहून गात होती, अन् एक हात हवेत असा हलवत होती. झोळीची दोरी ओढते ना, तसा.

किती वेळ गेला मले नाई सांगता येत.

सूर थांबला. हात थांबला.

आता ती म्हणणार.  तिनं तोंड उघडलं.

"जा..."

नाई निघालं. 

"जा..."

अन् मंग बांध फुटल्यासारखी रडतच ती म्हणे, "येजो रे बाबू. घरी येजो. मी दार उघडंच ठेवते."

...



बाहेर फाटकाची कडी वाजली. मी खिडकीतून पाह्यलं. फाटक उघडं. रस्त्यावर कोणी नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीताबाईनं भिंतीवरची आपली गोधडी काढली. घडी नाई केली. झोपलेलं लेकरू नेते तशी खांद्यावर टाकली अन् पह्यल्या बसनं वडनेरले निघून गेली. त्या दिवसापासून खालच्या खोलीत टक् टक् नाई. रजत दोन रात्री हेडफोन लावून बसला. काहीच नाई. तिसऱ्या दिवशी मले हाक मारली. मायचं गाणं लावलं होतं त्यानं.

"शेवट आयका, काका."

गाणं संपलं. जा... जा... मंग तिचं रडणं. येजो रे बाबू, घरी येजो, मी दार उघडंच ठेवते. मंग शांतता. ते आम्ही सारे चूप होतो तवाची.

अन् त्या शांततेत, माइकच्या एकदम जवळ, एकच शब्द.

"येतो."

मी तो आवाज हजारदा आयकला होता. फाटकाजवळचा.

रजत ढसढसा रडला. मी पाठीवर हात ठेवून राह्यलो. रडून झाल्यावर म्हणे, "निरोप घेतला त्यानं माहा." त्या रात्री तो वर आला अन् आमच्यासोबत पोटभर जेवला. पुढच्या महिन्यात बापाकडं पुण्याले गेला. ते शेवटचं गाणं त्यानं इंटरनेटवर टाकलं, पाहुणा आवाज म्हणून मायचं नाव लिहिलं, पण तेवढा शब्द कापून घेतला. तो शब्द कोणाले द्यायचा नाई म्हणे. 'गोधडी' तिथंच संपली. खोली तवापासून रिकामीच आहे. भाडेकरू येतात, पाह्यतात, जातात.

दिवाळीत मी सीताबाईले फोन केला. एकटी बाई, म्हटलं विचारावं. बोलली चांगली. कपाशी बरी आहे म्हणे, गुडघा दुखते म्हणे. मी म्हटलं, "बाई, रात्रीची दाराले कडी लावत जा. दिवस चांगले नाई."

"कडी कशी लावू, भाऊ?" ती म्हणे. "येतो म्हणे ना तो."

  फोनमध्ये नुसती तिच्या घरातली शांतता. अन् त्या शांततेत, तिच्या मागून कुठून तरी...

टक् टक्.

"ठेवते, बबनभाऊ," सीताबाई म्हणे. "मले म्हणायचं आहे."