माहिती देणारीचं नाव

ते १९६८ साल. नागपुरात तेव्हा कूलर घरोघरी आले नव्हते. चैत्र सरला की दारांना वाळ्याच्या ताट्या लागायच्या, दिवसातून चारदा त्यांच्यावर पाणी मारायचं, आणि भर दुपारी सीताबर्डीच्या गल्ल्यांतून ओल्या वाळ्याचा वास दरवळायचा. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. अशा वेळी डोक्याला पदर घट्ट गुंडाळून, सायकलच्या दांड्याला पिशवी अडकवून एक मुलगी जाताना दिसली की खिडकीतल्या बाया म्हणायच्या, देवराव मास्तरांची प्रेमलता चालली कहाण्या गोळा करायला.

प्रेमलता तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. आई आणि वडील देवराव मास्तर ती लहान असतानाच गेले. मावशीनं, इंदुताईनं, धंतोलीतल्या दोन खोल्यांत तिला वाढवलं, शिकवलं. आता विदर्भातल्या लोककथांवर तिचा प्रबंध चालला होता आणि तो जूनच्या पंधरा तारखेच्या आत विद्यापीठात पोचायला हवा होता. एका कॉलेजात मराठीची जागा निघाली होती. प्रबंध दिलेला असेल तर जागा तिची, नसेल तर जबलपूरहून आलेल्या एका उमेदवाराची. दुसरी जागा पुन्हा कधी निघेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तिचे मार्गदर्शक डॉ. मनोहरराव शिस्तीचे. लोककथेवर लिहिणाऱ्यांची ते फार टवाळी करायचे. इतवारीत कहाण्यांच्या चोपड्या मिळायच्या. मनोहररावांनी त्यातल्या तीन प्रेमलतापुढे टाकल्या आणि तिन्हींत एकाच पानावर एकच छपाईची चूक दाखवली.

"एकानं दुसऱ्याचं उतरवलं, तिसऱ्यानं दोघांचं," ते म्हणाले. "इंग्रजांच्या गॅझेटियरचंही तेच. साहेबाला स्वैपाक्यानं सांगितलं आणि साहेबानं ते जिल्ह्याच्या नावावर छापलं. छापलं म्हणून खरं होत नाही, प्रेमलताबाई. एका कथेला तीन बाया, तीन ठिकाणच्या. नाव, वय, गाव, सही किंवा अंगठा. आणि जिवंत. मेलेल्यांची साक्ष चालत नाही. याला आधार म्हणतात."

म्हणून प्रेमलतानं कार्डं छापून घेतली होती. वरच्या ओळीत छापलं होतं: माहिती देणारीचं नाव.

एकच कथा उरली होती, सात बहिणींची. ती कुठल्याच चोपडीत नव्हती. ती मिळाली हुडकेश्वरला. तेव्हा ते शहराबाहेरचं गाव होतं, ज्वारीची वावरं आणि मधून एक कच्चा रस्ता. सत्तरीची जिजाबाई ओसरीवर चिंच फोडत बसली होती. समोरची विहीर महिन्याभरापासून कोरडी होती.

जिजाबाईनं सांगितलं ते असं. एका गावची विहीर आटली. सात बहिणींना रानातला एक झरा ठाऊक होता, त्या चोरून पिऊन यायच्या. पाटलानं धाकटीचे ओठ ओले पाहिले. विचारलं, कोणी सांगितलं? तिनं मागं बोट केलं, माझ्या मोठीनं. त्या मोठीनं तिच्या मोठीकडे केलं. असं करत करत थोरलीपाशी आलं. थोरलीनं मागं पाहिलं, मागं कोणी नव्हतं. तिला विहिरीत उतरवली. पाणी आलं.

"झाली कहाणी," जिजाबाई म्हणाली. "नाव सखूचं लिवजो. माह्ये सासू. मरून तीस वर्सं झाले तिले."

"पण मला तर तुम्ही सांगितली."

"म्या फकत तोंड हलवलं. हे कहाणी सांगतली की मांगं बोट दाखवा लागते, अन् मांगं मेलेलंच मानूस पायजे. जित्या मानसावर नाही ठेवत वं कोनी."

"बरं, सखूबाईच लिहिते."

"वाच बरं, काय लिवलं."

"सखूबाई," प्रेमलतानं वाचून दाखवलं. कार्डावर तिनं जिजाबाई असं लिहिलं होतं. म्हातारीनं समाधानानं शाईत अंगठा बुडवला आणि नावाखाली नीट दाबला.

आठ दिवसांनी एक शब्द पडताळायला प्रेमलता पुन्हा गेली. ओसरीवर सून होती.

"बुडी गेली मंगळवारी," ती म्हणाली. "काही झालं नोतं तिले. दोन दिस भर दुपारची कोनासंग तरी बोलत जाय. म्या नाही वं, म्या नाही, एवढंच. मी दारात पाहो त कोनी नसे. मंगळवारी उठवाले गेली, त केसातून पानी गळून राह्यलं होतं. पार उशी ओली. घरात प्याले पानी नोतं, बाई, अन् केस ओले."

मग तिनं स्वतःचा उजवा हात खांद्यावरून मागं नेला आणि तर्जनी ताठ केली.

"असा होता हात. मोडल्याबिगर सरळच नाही झाला."

विहिरीवर बायांची गर्दी होती. रहाट करकरत होता. कुणीतरी हसून म्हणालं, जिजाबुडी पावली गावाले. सुनेनं प्रेमलताला पेला भरून दिला. मे महिन्यातलं ते पाणी इतकं गार होतं की दात शिवशिवले.

मनोहररावांनी ऐकून घेतलं आणि पानाचा डबा उघडला. "म्हाताऱ्या मरतातच. आपण त्याआधी पोचायचं, एवढंच. उरलेल्या दोघी जरा धडधाकट बघा."

कामठीची पंचफुला धडधाकट होती. पंचेचाळिशीची विणकराची बाई, नवरा गेल्यावर माग स्वतः चालवायची. धोटा फेकता फेकता तिची जीभही तशीच चालायची.

"लग्न काहून नाही केलं वं?"

"प्रबंध लिहून राह्यली ना," प्रेमलता तिच्याच बोलीत म्हणाली.

"रातच्याले थोच प्रबंध पाय दाबून देते का तुहे?"

बाजूच्या मागावरच्या बाया खिदळल्या. प्रेमलताही हसली. पंचफुला तिला आवडली. मग सात बहिणींचं नाव निघालं आणि पंचफुलानं माग थांबवला. तिनं कहाणी सांगितली ती जिजाबाईसारखी नव्हे, तीच सांगितली. तेच शब्द. थोरली मागं पाहते तिथं जिजाबाईनं चिंच खाली ठेवून श्वास घेतला होता. पंचफुलाच्या हातात चिंच नव्हती, तरी बोटं तशीच उघडली आणि तसाच श्वास आला. या दोघींनी एकमेकींचं गावही पाहिलेलं नव्हतं.

"मायचं नाव लिवजो," पंचफुला म्हणाली. "मेली थे."

पंचफुलाला अक्षरओळख होती. म्हणून प्रेमलतानं नावाची ओळ कोरी ठेवली, घरी नीट अक्षरात लिहिते म्हणाली आणि खाली सही घेतली. परतताना बसमध्ये तिनं पेन काढलं. जिजाबाईचा खांद्यावरून मागं गेलेला हात तिला आठवला नाही असं नाही. पण ती शिकलेली होती, आणि पंधरा जूनला बावीस दिवस उरले होते. बस नागपूरच्या वेशीवर, इंदोऱ्याला येईपर्यंत कार्डावर पंचफुलाचं नाव होतं.

त्यानंतर कार्डांचा खोका ओला लागायला लागला. नागपूरच्या मेमध्ये कागद पापडासारखा वाजतो. वर्तमानपत्र हातात घेतलं तर कडा तुटतात. खोक्यातली बाकीची दोनशे कार्डं तशीच होती. दोनच लिबलिबीत झाली होती. शाई मात्र कुठं फुटली नव्हती.

दहाव्या दिवशी ती कामठीला गेली, कशाला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. गल्लीतल्या नळाला धार लागली होती. उन्हाळाभर त्याला दिवसाआड अर्धा तास पाणी यायचं. आता तीन दिवस तो बंदच होत नव्हता. पोरं अंगावर पाणी उडवत होती. पंचफुलाच्या मागावर अर्धं लुगडं ताणलेलं होतं आणि त्याचा लाल रंग सुतातून टिपटिप जमिनीवर गळत होता.

शेजारीण म्हणाली, "तुमीच ना त्या लिवनाऱ्या बाई? मराच्या आंधी तुमचंच नाव घे. त्या बाईनं कोनाचं नाव लिवलं, पुसा म्हने, पुसा कोनीतरी."

प्रेमलतानं तिला नमस्कार केला आणि ती निघून आली. हाताचं तिनं विचारलं नाही.

आता तिला कळलं होतं. कसं ते नाही, पण काय ते कळलं होतं.

मनोहरराव या वेळी चिडले. "पहिले दोन आधार महिन्याभरात वारले? परीक्षक हसतील. तिसरी बाई हवी, शहरातली हवी, आणि तिच्या हातची सही हवी. शुक्रवारपर्यंत कार्ड माझ्या टेबलावर. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक होतं.

इंदुताई त्या वेळी धंतोलीतल्याच एका खाजगी दवाखान्यात होती. कावीळ पोटात उतरली होती. डॉक्टर मान हलवायचे, काही सांगता येत नाही म्हणायचे. प्रेमलता रोज संध्याकाळी खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर बसायची, मोसंबीचा रस पाजायची. सात बहिणींची कहाणी तिनं पहिल्यांदा ऐकली ती या मावशीच्याच मांडीवर. बुधवारी बसल्या बसल्या तिनं मनाशी हिशेब मांडला. मावशी तशीही राहत नाही. आठ दिवस इकडे की तिकडे.

"मावशी, सात बहिणींची सांगतेस?"

इंदुताईच्या पिवळ्या डोळ्यांत हसू आलं. "एवढी मोठी झाली अन् कहाणी पाहिजे." तिनं सांगितली. थोरलीपाशी आल्यावर चादरीवर तिची बोटं उघडली, तोच श्वास आला.

"नाव कोणाचं टाकशील?"

"आजीचं."

"दाखव मले."

इंदुताई सातवी शिकलेली होती. प्रेमलतानं कार्ड पुढं केलं. त्यावर आजीचंच नाव होतं. इंदुताईनं ते चष्मा लावून वाचलं आणि खाली सही केली. त्या कार्डाखाली कार्बन होता, आणि कार्बनखाली दुसरं कार्ड होतं.

गुरुवारी सकाळी डॉक्टर व्हरांड्यात भेटले. खूप खूश होते. कावीळ ओसरली, म्हणाले. शनिवारी घरी न्या.

इंदुताई उशाला टेकून बसली होती. "शनवारी माह्यं हिरवं लुगडं आनजो," ती म्हणाली. "दवाखान्याच्या कपड्यात नाही येत मी घरी. अन् तुले नोकरी लागली की पह्यल्या पगाराचं मले काही नको, फक्त एकडाव रामटेकले नेजो."

"नेईन," प्रेमलता म्हणाली.

घरी टेबलावर कार्बनखालचं कार्ड होतं, नावाच्या ओळीत इंदुताई लिहिलेलं. एक चौकोनी तुकडा. फाडायला क्षण लागला नसता. ती त्याच्यासमोर सबंध दुपार बसली. ताटीवरचं पाणी वाळलं, पुन्हा मारलं, पुन्हा वाळलं.

शुक्रवारी अकरा वाजता तिनं ते मनोहररावांच्या टेबलावर ठेवलं.

शनिवारी ती हिरवं लुगडं घेऊन गेली.

वॉर्डात नर्स आयाला रागावत होती. एवढं पाणी कुणी सांडलं म्हणून. आया शपथा घेत होती.

गादीतून पाणी थेंबथेंब फरशीवर पडत होतं.

इंदुताईचे केस ओले होते. डोळे उघडे होते. उजवा हात ताठ होता.

पण तो खांद्यावरून मागं गेला नव्हता. तो समोर होता. बोट लोखंडी स्टुलाकडे होतं.

प्रेमलता त्यावर बसली नाही.

तेरवी झाल्यावर दुपारी ती घरात एकटी होती. दाराच्या ताटीबाहेर कुणीतरी उभं राहिलं. सावली दिसली नाही. बाईचाच आवाज होता, रोजचा, भाजीवालीनं भाव सांगावा तसा.

"कोनं सांगतलं?"

"इंदुताईनं," प्रेमलता म्हणाली. इतकं पटकन म्हणाली की तिची तिलाच लाज वाटली.

बाहेर शांत झालं. पुढच्या वैशाखापर्यंत कुणी काही विचारलं नाही.

जागा तिला मिळाली. हुडकेश्वरच्या जिजाबाईच्या मुलानं पुढं वावर विकलं, तिथं प्लॉट पडले आणि सुनेनं किराण्याचं दुकान टाकलं. पंचफुलाचा माग दिरानं मोडून जळणाला घातला. मनोहररावांनी सात बहिणींच्या कथेवर व्याख्यानं दिली, त्यांचा सत्कार झाला, आणि १९७९ साली ते मधुमेहानं गेले. शोकसभेत प्रेमलताबाई फार चांगल्या बोलल्या. १९८२ मध्ये त्या विभागप्रमुख झाल्या. लग्न केलं नाही. रामटेकला कधी गेल्या नाहीत.

विद्यार्थिनींवर त्यांचा जीव होता. आपल्या घरी बोलावून त्या मुलींना पोहे करून घालायच्या, कार्ड कसं भरायचं ते हात धरून शिकवायच्या. दरवर्षी चैत्र लागला की नव्या मुलींतल्या एकीला त्या सात बहिणींची कथा गोळा करायला लावायच्या. जिनं सांगितली त्या जिवंत बाईचंच नाव लिहायचं, हे दोनदा बजावायच्या.

वैशाखात मुलींची पत्रं यायची. गोंदियाहून, काटोलहून, एकदा चांद्याहून. अक्षर वेगळं, मजकूर साधारण एकच असायचा. बाई, ज्यांचं नाव कार्डावर लिहिलं त्या चार दिवसांपूर्वी अचानक वारल्या, आता काय करू?

प्रेमलताबाई पत्र दोनदा वाचायच्या, ताटीबाहेरून विचारणा झाली की सांगायला त्यातलं नाव पाठ करायच्या. मग पोस्टकार्ड काढून गोल, स्वच्छ अक्षरात उलट टपाली उत्तर धाडायच्या. त्यात दोनच शब्द असायचे.

दुसरी शोधा.